निःशब्दपट आणि बेघरांची भाषा

शब्दविरहित चित्रपट भाषांच्या सीमा ओलांडतो, त्यास अनुवादाची गरज भासत नाही, हे विधान साहित्याच्या तौलनिक अभ्यासकांत इतक्या सहजपणे केले जाते की त्याची तपासणी करावी असे क्वचितच कोणास वाटते. सत्यजित राय यांचा ‘टू’ (१९६४) हा लघुपट या विधानाच्या पुष्ट्यर्थ पुढे केला जातो. प्रस्तुत लेखकास मात्र तो त्याविरुद्धचा पुरावा वाटतो.

कथानक लहानसे आहे. मोठ्या घरात एक मुलगा एकटाच आहे. हाती कोकाकोलाची बाटली, भोवती यंत्रावर चालणारी खेळणी. खिडकीखालच्या मोकळ्या जागेतून बासरीचा सूर येतो. तेथे झोपडीतला एक मुलगा आहे. खालच्याने जे आणावे त्याहून सरस काहीतरी वरच्याने दाखवावे, अशी चढाओढ लागते. अखेरीस खालचा पतंग उडवितो. गलोलीने तो पडत नाही, तेव्हा वरचा छर्‍यांची बंदूक घेतो आणि पतंग फाडतो. मग तो आपल्या खेळण्यांकडे परततो. बासरी पुन्हा ऐकू येते. यंत्रमानव चालत जाऊन ठोकळ्यांचा मनोरा पाडतो.

हा लघुपट एस्सो या अमेरिकन तेलकंपनीच्या दूरचित्रवाणी मालिकेसाठी झाला. वातावरण बंगाली असावे पण भाषा इंग्रजी असावी, अशी मागणी होती, असे सांगितले जाते. रायांनी संवादच वगळले. मूकपटांविषयीचा त्यांचा आदर हे एक कारण होतेच. पण परिणाम पाहावा: इंग्रजी बोलणारी बंगाली मुले दाखविण्याऐवजी त्यांनी कोणीच न बोलणारी मुले दाखविली. म्हणजे येथील मौन हे भाषेपलीकडचे नव्हे. एका विशिष्ट भाषेच्या मागणीस दिलेले ते उत्तर आहे आणि ज्या भाषेत ती मुले एरवी बोलली असती तिची जागा त्याने रिकामी राखली आहे.

यावर एक लोकप्रिय भाष्य असे की, ज्याला घर आहे तोच येथे खरा बेघर: त्याचे माणूस मोटारीतून निघून जाते, उरतात ती खेळणी; उलट झोपडीतल्या मुलाजवळ बासरी आहे, आकाश आहे. मराठीत घर आणि घरपण असा सोयीचा भेद असल्याने हे भाष्य आपल्याला चटकन पटते. मला ते स्वस्त वाटते. ज्याच्या डोक्यावर धड छप्पर नाही त्याला संपन्नांच्या एकटेपणाचा दाखला म्हणून वापरणे हा त्याच्यावरचा दुसरा अन्याय होय. (जनगणनेच्या हिशेबी तर तो बेघरही नव्हे: पदपथावर, पुलाखाली, सिमेंटच्या नळांत राहणारे तेवढे बेघर, २०११ साली ते सुमारे १७.७ लाख भरले.) शिवाय त्या झोपडीतले कुटुंब आपण पाहिलेलेच नाही. कॅमेरा बहुतांशी वरच्या खिडकीशी आहे. झोपडीच्या आत काय आहे हे आपल्याला कळत नाही, आणि न कळण्याचे हे अंतर रायांनी प्रामाणिकपणे राखले आहे.

ते आत काय असते, हे सांगण्यास शब्द लागतात. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) वाचताना हे प्रकर्षाने जाणवते. कैकाडी समाजातील एक कुटुंब गाढवांच्या पाठीवर संसार लादून गावोगाव फिरते. त्याला मराठीत बिऱ्हाड म्हणतात. हा शब्द अमराठी विद्यार्थ्यांपुढे उलगडताना माझी फार ओढाताण होते. भाड्याच्या खोलीतला मध्यमवर्गीय बिऱ्हाडकरू, तसेच पाल ठोकून राहणाऱ्यांचे चूलभांडे, मुलेबाळे, हे सारेही बिऱ्हाडच. घर नसले तरी कुटुंब असते, ही गोष्ट या शब्दात सामावली आहे. ‘बेघर’ या शब्दात ती नाही. बंगालीत फाळणीनंतर रूढ झालेल्या ‘उद्वास्तु’ या शब्दात तिसरेच काही आहे: वास्तूपासून उखडला गेलेला. ज्या वास्तूची आपण शांत करतो तीच ही वास्तू. पण बिऱ्हाडाला अशी हरवलेली वास्तू असावीच लागत नाही, आणि कैकाड्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांना तर ती नव्हतीच. हे तीन शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत, आणि भारतीय साहित्यांच्या तौलनिक अभ्यासाचे काम नेमके तेथून सुरू होते.

म्हणून ‘टू’ अभ्यासक्रमात अवश्य असावा, पण अनुवाद टाळण्याची सोय म्हणून नव्हे. तो ‘उपरा’च्या शेजारी, त्याच आठवड्यात दाखवावा. निःशब्द कलाकृतीवर शब्दांचे ओझे का लादता, असा आक्षेप काही सहकारी घेतील. त्यांना एवढेच विचारावेसे वाटते की, फाटलेला पतंग घेऊन तो मुलगा झोपडीत गेला, तेव्हा आत कोणी असेल तर त्याने झालेली हकीकत सांगितलीच असेल ना? ती बंगालीत सांगितली असणार.