पादचाऱ्याचे अवधान आणि खिशातील कंप

माहितीची विपुलता झाली की अवधानाचा दुष्काळ पडतो, असा विचार हर्बर्ट सायमन यांनी १९७१ साली मांडला. पुढे १९७८ मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाने गौरविलेल्या या विचारवंतासमोर तेव्हा मोठ्या संस्थांचा कारभार होता. आज मात्र खिशात मोबाइल ठेवून रस्त्याने चालणाऱ्या सामान्य माणसाला त्याचा रोज प्रत्यय येत आहे.

मोबाइलचा कंप ही मुळात सभ्य योजना होय. चारचौघांना त्रास न देता एकट्या मालकास सूचना मिळावी, हा तिचा हेतू. बसलेल्या माणसाच्या बाबतीत तो सफल होतो. चालणाऱ्याची गोष्ट निराळी. तो सेकंदाला सुमारे दोन पावले टाकतो. प्रत्येक पावलाचा हादरा अंगभर पोचतो, खिशातील कापड घासत राहते आणि हालचालीच्या वेळी त्वचेची स्पर्शसंवेदनाही मंदावते. साहजिकच सौम्य कंप जाणवतच नाही. मग कंप जोरदार करावा, हा उपाय सोपा खरा; पण त्याने माणूस दचकतो आणि मान खाली घालून पडद्याकडे पाहू लागतो. नेमका त्याच जागी पदपथ संपलेला असतो.

२०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी जवळजवळ एकपंचमांश पादचारी होते. हा सारा दोष मोबाइलच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. तथापि जेथे पादचाऱ्याला मुळातच संरक्षण नाही, तेथे त्याचे अवधान हेच त्याचे चिलखत असते, हे विसरता येत नाही.

कंपाला जोर नको, अर्थ हवा. आयआयटी दिल्लीत विकसित झालेली व २०१४ साली अंधांच्या हाती आलेली ‘स्मार्टकेन’ काठी गुडघ्याच्या वरचा अडथळा किती दूर आहे, हे निरनिराळ्या कंपांनी कळविते. जाहिरात करण्यासाठी ती कधी थरथरत नाही. म्हणून तिच्यावर विसंबता येते. उलट मोबाइलवर घरच्या आजाऱ्याचा निरोप आणि कर्जाची जाहिरात बहुधा एकाच कंपाने येतात.

याचे कारण तांत्रिक नसून आर्थिक आहे. संदेश धाडणाऱ्याला पादचाऱ्याचे अवधान फुकट मिळते. किंमत मोजतो तो पादचारी. फुकटच्या वस्तूची उधळपट्टी व्हावी, यात नवल ते काय?

‘ज्याला नको त्याने कंप बंद करावा,’ असे यावर म्हटले जाईल. परंतु कारखान्यातून येते ती मांडणी बहुसंख्य लोक तशीच ठेवतात. यास्तव मूळ मांडणीच पादचाऱ्याच्या बाजूची हवी. मोबाइल पावले मोजतो. म्हणजे मालक चालत आहे, हे त्याला ठाऊक असते. अशा वेळी निवडक माणसांचे फोन आणि वाटेच्या सूचना, एवढ्यांनाच स्पष्ट, वेगळा कंप असावा. बाकीच्यांनी तो थांबेपर्यंत थांबावे. पावले मोजणाऱ्या यंत्राने पावलांचा मान राखावा, एवढीच ही अपेक्षा आहे.