पासिंग झाली, म्हणजे गाडी चांगली का?



उदगीरच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांचे शौहर हैदराबादहून जुनी मोठी सेडान आणायच्या विचारात आहेत. गाडी सोळा वर्षांची आहे. विकणारा म्हणतो, "नुकतीच पासिंग झाली आहे, आता पाच वर्षं बघायचं काम नाही." भगिनी विचारतात, घ्यावी का?

या प्रश्नाचं उत्तर आम्ही पैसे मोजून शिकलो आहोत. म्हणून या महिन्यात दुसरे विषय बाजूला ठेवून आमचीच गोष्ट सांगतो.

आम्ही किल्लारीचे. अम्मींना महिन्यातून दोनदा लातूरला दवाखान्यात न्यावं लागतं. गुडघ्यांमुळे एसटीची पायरी चढवत नाही. भाईजानना शहरातल्या एका विक्रेत्याकडे मोठी गाडी दिसली. गादीसारख्या सीट, मागे पाय पसरायला जागा, रंग चकाचक. नवी असताना पंधरा लाखांच्या वरची, आता दोन लाख चाळीस हजार. आरसीवर नोंदणी पाच वर्षांनी वाढवल्याची तारीख ताजी होती. आम्ही सगळ्यांनी ती तारीख पाहिली आणि समाधान मानलं. अब्बांच्या रिटायरमेंटच्या पैशांतून रक्कम दिली.

दुसऱ्याच महिन्यात लातूरहून परतताना औशाच्या पुढे ब्रेकचा पाय खाली गेला. भाईजाननी गियर उतरवत, हँडब्रेक ओढत गाडी कडेला घेतली. समोर उसाची ट्रॉली होती. अम्मी मागच्या सीटवर होत्या. अल्हम्दुलिल्लाह, कुणाला काही झालं नाही.

गावातल्या मिस्त्रींनी गाडी खड्ड्यावर घेतली आणि आम्हालाच खाली बोलावलं. ब्रेकचा रबरी पाईप चिरलेला, ब्रेक ऑईल काळं पडलेलं. टायरची नक्षी छान, पण कडेला बारीक भेगा. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. आमचे टायर आठ वर्षांच्या वरचे निघाले. चाकामागचा पत्रा गंजून त्यावर काळा रंग मारलेला. आणि एअरबॅगचा दिवा? चावी फिरवली की तो काही सेकंद लागून विझायला हवा. आमच्या गाडीत तो लागतच नव्हता. आम्ही समजत होतो, दिवा नाही म्हणजे बिघाड नाही.

आमचा पहिला सवाल होता, मग पासिंग झाली कशी? मिस्त्री म्हणाले, "त्या दिवशी झाली असेल. ब्रेक त्या दिवशी लागत असेल." आम्हाला राग आला होता, पण त्यांचं म्हणणं खरं होतं.

आपल्याकडे कायदा असा आहे. टॅक्सी, जीप, टेम्पो अशा भाड्याच्या गाड्यांना आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दर वर्षी फिटनेस करून घ्यावं लागतं. घरच्या खासगी गाडीची नोंदणी मात्र पंधरा वर्षांची असते. तोवर पीयूसी सोडली तर तिला तपासणीला न्यावं लागत नाही. पंधरा वर्षांनी २५ नंबरचा फॉर्म भरायचा, गाडी आरटीओत दाखवायची, की नोंदणी पाच वर्षं वाढते. एप्रिल २०२२ पासून यासाठी मोटारीला ५,००० रुपये फी झाली. आपल्या राज्यात पर्यावरण कर वेगळा.

म्हणजे हिशेब करून बघा. तुम्ही आठ-दहा वर्षांची खासगी गाडी घेता, तेव्हा शोरूममधून निघाल्यापासून कोणत्याही सरकारी माणसाने तिच्याखाली वाकून पाहिलेलं नसतं. सोळा वर्षांची घेता, तेव्हा एका दिवसाच्या तपासणीवर पाच वर्षांचा भरवसा टाकता. पीयूसी फक्त धूर मोजते, ब्रेक नाही.

इंग्लंडमध्ये एमओटी नावाची तपासणी १९६० साली सुरू झाली. आधी ती दहा वर्षं जुन्या गाड्यांना होती, पुढे १९६७ पासून तीन वर्षांच्या गाडीलाही दर वर्षी लागू झाली. गाडीचा नंबर टाकला की कोणत्या वर्षी पास, कोणत्या वर्षी नापास, कशामुळे, तेव्हा किती मैल चालली होती, हे कुणालाही फुकट पाहता येतं. तरीही ते लोक स्वतःच सांगतात की या तपासणीत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सची हालत धरलेली नाही. जिथे दर वर्षी तपासणी होते तिथे ही गोष्ट, तर आपल्या पाच वर्षांच्या शिक्क्याकडून किती अपेक्षा ठेवायची? आपल्याकडेही केंद्र सरकारने २०२१ मध्ये स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम केले आहेत. तिथे ब्रेक माणसाच्या अंदाजावर न ठेवता यंत्राच्या रोलरवर मोजतात. चांगलं आहे. पण यंत्रसुद्धा त्या दिवसाचंच सांगणार.

आम्हा किल्लारीकरांना तर हे आधीच कळायला हवं होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ज्या भिंती पडल्या, त्या दिसायला किल्ल्यासारख्या होत्या. दोन-तीन फूट जाड दगड. पण आत माती आणि खडी भरलेली, दोन्ही अंगांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. जाडी सगळ्यांना दिसत होती, आतलं कुणी पाहिलं नव्हतं. ज्या गावाने एवढं सोसलं, त्या गावात आम्ही रंग आणि तारीख बघून गाडी घेतली.

दुरुस्तीचा अंदाज नव्वद हजारांवर गेला. मोठ्या गाडीची हीच गोम आहे. जुनी झाली की किंमत उतरते, पण सुट्या भागांची किंमत उतरत नाही. गाडी दोन लाखांची झाली तरी तिचा शॉकअप पंधरा लाखांच्या गाडीचाच असतो. हत्ती स्वस्तात मिळतो, चारा मिळत नाही.

मग घरात वाद झाला. भाईजान म्हणाले, "पाईप तेवढा बदलू, धुऊन पुसून दोन लाखांना काढून टाकू. आपल्याला कुणी सांगितलं होतं का?" उमरग्याचा एक गिऱ्हाईक तयारही होता. खरं सांगायचं तर आम्हीही मान हलवली होती. अम्मी तेवढ्या गप्प होत्या. रात्री जेवणानंतर म्हणाल्या, "त्याच्या मागच्या सीटवर कुणाची अम्मी बसेल?"

सहीह मुस्लिममधली ती हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तर आत ओल लागली. विकणारा म्हणाला, पावसाने भिजलं. तेव्हा त्यांनी विचारलं की ओलं धान्य लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाही. आमच्या गाडीवरचा काळा रंग म्हणजे तेच ओलावर टाकलेलं कोरडं धान्य होतं. फसलो तेव्हा आम्ही हदीस आठवून विक्रेत्याला नावं ठेवली. विकायची वेळ आली तेव्हा ती अम्मींना आठवून द्यावी लागली.

मिस्त्रींकडून सगळ्या दोषांची यादी लिहून घेतली. उमरग्याच्या गिऱ्हाइकाने ती वाचली आणि फोन बंद केला. दीड महिन्याने एका गॅरेजवाल्याने यादीसकट गाडी घेतली, एक लाख पस्तीस हजारांना. एक लाख पाच हजारांचं नुकसान झालं. अब्बा त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत, त्याचंच आम्हाला जास्त लागलं. आता घरी छोटी गाडी आहे. अम्मींचे गुडघे थोडे आखडतात, पण गाडी घेण्याआधी आम्ही तिच्याखाली वाकून पाहिलं आहे.

तर उदगीरच्या भगिनी, शौहरना एवढं सांगा.

सौद्याआधी आपल्या ओळखीचा मिस्त्री न्या, विकणाऱ्याचा नको. गाडी खड्ड्यावर किंवा रॅम्पवर घ्या. हजार-दोन हजार गेले तरी चालतील.

चावी फिरवल्यावर एबीएस आणि एअरबॅगचे दिवे लागून विझतात का, ते पाहा. ब्रेक ऑईल आणि टायमिंग बेल्ट कधी बदलला, याची पावती मागा. बेल्ट तुटला तर इंजिनच जाऊ शकतं.

सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. चिखलाची रेघ दिसली किंवा चटईखाली कुबट वास आला, तर गाडी पुरात बुडालेली असू शकते.

किलोमीटरचा आकडा सर्व्हिसच्या जुन्या पावत्यांशी जुळवा. पेडलचं रबर झिजलेलं आणि मीटर मात्र कमी, असं असेल तर सावध व्हा.

परिवहन विभागाच्या ॲपवर नंबर टाकून मालक कितवा, कर्जाचा बोजा, विम्याची मुदत पाहा. चलन बाकी आहे का, तेही बघा. तेलंगणातली गाडी असेल तर तिथली एनओसी आणि इथला कर, दोन्ही धरून किंमत ठरवा.

आणि जुनी गाडी विकणार असाल, तर २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून नाव बदलल्याशिवाय निश्चिंत होऊ नका. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे त्याच्यावर येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे.

एवढं करून गाडी खरी निघाली, तर जरूर घ्या, मुबारक असो. घेतलीत तर मिस्त्रींनी काय सांगितलं, ते आम्हाला कळवा.