कोपीचा पत्ता

दिवाळीचे फटाके संपले, की सांगलीकडून येणाऱ्या रस्त्यावर ते ट्रॅक्टर दिसू लागतात. मागे दोन ट्रॉल्या. त्यात ज्वारीची पोती, बांबू, चटया, पत्र्याची पेटी, कळशी, एखादी शेळी, पाटीखाली झाकलेल्या कोंबड्या आणि या सगळ्याच्या वर बसलेली माणसं. कुणाच्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेलं तान्हं पोर. बीड जिल्ह्यातलं धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार इथून निघायचं आणि बार्शी, पंढरपूर, सांगोला, मिरज करत इकडे यायचं. साडेतीनशे-चारशे किलोमीटर तरी होतात. भरलेल्या ट्रॉलीत बसून हा प्रवास करायचा म्हणजे थंडीची एक रात्र उघड्यावर काढणं आलंच.

आपण म्हणतो, "ऊसतोडीवाले आले." माझी तक्रार या 'आले'बद्दल आहे. ही माणसं नुसती येत नाहीत, राहायला येतात. हंगाम लांबला तर पाच-सहा महिने राहतात. वर्षातला जवळजवळ अर्धा काळ माणूस जिथे चूल पेटवतो, ते त्याचं घर नाही तर काय? आमच्याकडे त्या झोपडीला खोप म्हणतात, ते कोपी म्हणतात. पण तिला पत्ता नसतो.

पुण्यात आणि परदेशात वाढलेल्या आमच्या नातवंडांसाठी थोडं सांगते. विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीला सहकारी साखर कारखाना काढला, त्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा. मग पश्चिम महाराष्ट्रात कारखाने वाढत गेले. पाणी इकडे आणि कोरडवाहू जमीन तिकडे, त्यामुळे तोडायला माणसं मराठवाड्यातून येऊ लागली. १९७२ च्या दुष्काळाने ही वाट आणखी रुळली. नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. माणसं मोजायची ती हत्यारावर! मुकादम हंगामाआधी उचल देतो आणि ती ऊस तोडून फेडायची. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, हे चांगलंच झालं. पण दर टनावर असतो. पोरगं शाळेत गेलं की नाही, हे त्या हिशेबात कुठेच येत नाही.

माझा भाचा दोन वर्षांपूर्वी ऐन डिसेंबरात न्यू जर्सीहून टेक्सासला राहायला गेला. बायको, दोन मुलं, टपावर बांधलेल्या बॅगा, तीन दिवस गाडी चालवत. फोनवर रोज खुशाली कळत होती, आणि इथे आम्हाला घोर लागला होता, बर्फ आहे म्हणून. पोचल्यावर घराच्या भाड्याचा कागद दाखवला आणि सामान उलगडायच्या आत मुलीचं नाव शाळेत लागलं. वर्ष मधलंच होतं, तरी कुणी नाक मुरडलं नाही. सगळ्या घराने कौतुक केलं, मीही केलं. तेव्हापासून मात्र ते ट्रॅक्टर बघितले, की ही गोष्ट मनात येते. धारूरचं पोरही थंडीतच निघतं, तेही दूरच्या नव्या घरी जातं, तेही वर्षाच्या मध्येच.

आणि आपल्याकडे तर एक मोठी सोय आहे, जिचा कुणी विचारच करत नाही. बालभारतीचं चौथीचं पुस्तक धारूरला जे, तेच शिरोळला. भाषा तीच, धडे तेच. दिवाळीपर्यंत जिथवर शिकून झालं, तिथून पुढे इथे सुरू करता येतं. (सीमेपलीकडे कर्नाटकातल्या कारखान्यांवर जाणाऱ्या मुलांना ही सोय नाही, त्यांना कानडी शाळा आडवी येते.) मग अडतं कुठे? मी जन्मभर हजेरीपट भरले आहेत, म्हणून सांगते, अडतं पटावर. गावच्या शाळेतलं नाव कमी केलं, तर तिथला पट घसरतो आणि शिक्षकाची जागा धोक्यात येते. इकडच्या शाळेला वाटतं, मार्चनंतर जाणारी पोरं, कशाला घ्यायची? दोघांच्या मध्ये पोर उसाच्या फडात.

पूर्वी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालत. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि मुलांनी जवळच्या नियमित शाळेत बसावं, असं धोरण आलं. धोरण योग्यच आहे, पण फडापासून शाळा तीन किलोमीटर असेल, तर पोचवणार कोण? आईबाप पहाटे चारलाच कोयता घेऊन गेलेले असतात. मुलांना गावीच हंगामी वसतिगृहात ठेवण्याचा मार्गही आहे. त्याला माझा विरोध नाही, पण सहा-सात वर्षांचं मूल आईपासून सहा महिने दूर ठेवणं मला मानवत नाही. आणि वयात आलेली मुलगी मागे ठेवायला आई तयार होत नाही, ती का, हे बायकांना वेगळं सांगायला नको.

आमच्या इथल्या शेतकऱ्यांचं म्हणणं मला माहीत आहे. माहेर उसातलंच आहे. तोडीला टोळी लावायची तर 'खुशाली' मागतात, मुकादम उचल घेऊन पळतात, वाहतूकदार कर्जात बुडतो. हे सगळं खरं आहे. पण ते भांडण मोठ्यांचं आहे. त्याचा राग पोराच्या प्रवेशावर निघू नये, एवढंच माझं म्हणणं.

२०२४ ला विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं आणि गाळपाची तारीख होती १५. मजुरांचं मतदान बुडेल म्हणून हंगाम पुढे ढकलण्याची मागणी झाली. रास्तच होती. एका दिवसाच्या मतासाठी एवढी कळकळ, तर शाळेचे पाच महिने बुडतात, त्यासाठी कुणी तारीख मागितल्याचं मला आठवत नाही. २०२० च्या टाळेबंदीत ही माणसं कारखान्यांच्या आसपास अडकून पडली, तेव्हा कुठल्या कारखान्यावर किती जण आहेत, याचे आकडे एप्रिलच्या मध्याला सरकारकडे होते आणि परतीची परवानगीही मिळाली. म्हणजे मोजायचं ठरवलं की मोजता येतं.

हे कोल्हापुरात घडतं, म्हणून जास्त खुपतं. शाहू महाराजांनी १९१७ साली इथे प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं काढली. आपण दर जूनमध्ये त्यांच्या पुतळ्याला हार घालतो.

माझी सूचना साधी आहे. तळावर कोप्या उभ्या राहिल्या, की पहिल्या आठवड्यात गावच्या मुख्याध्यापकांनी तिथे जावं, संध्याकाळी, कारण दिवसा कुणी भेटत नाही. नावं लिहून घ्यावीत, आणि गावच्या पटाला हात न लावता इथली हजेरी तिकडे धरली जाईल, अशी सोय शिक्षण खात्याने पक्की करावी. कारखान्याने एक गाडी द्यावी. आणि अंगणवाडीने तान्ही पोरं सांभाळावीत, हे मी सगळ्यात आधी मागेन. कारण तळावर गेलात तर दिसेल, आठ-नऊ वर्षांच्या मुलींच्या कडेवर धाकटं भावंडं असतं. ते खाली ठेवायला जागा मिळाली, तरच ती मुलगी शाळेत जाणार.