काडीकचऱ्यातील इंधन आणि विद्यापीठे

पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट प्रथम २०३० सालासाठी ठरविण्यात आले होते. ते २०२५ मध्येच गाठले गेले. त्याबद्दल समाधान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हे इथेनॉल आले कोठून, हा प्रश्नही विचारला गेला पाहिजे. ते जवळजवळ सर्व ऊस, मका आणि तांदूळ यांपासून आले. मळी व धान्य आंबवून मद्यार्क काढण्याची विद्या जुनी आहे आणि तिच्या मर्यादाही लवकरच उघड झाल्या. २०२३ मध्ये पाऊस कमी पडला, साखरेची चिंता निर्माण झाली आणि त्या डिसेंबरात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्र सरकारला तात्पुरते निर्बंध घालावे लागले. मका निर्यात करणाऱ्या देशाला २०२४ मध्ये मका आयात करावा लागला. उसाला लागणारे पाणी कोणाच्या तोंडचे असते, हे मराठवाड्याला तरी सांगावयास नको.

धान्य व पाणी खर्ची न घालता इंधन हवे असेल, तर पीक काढल्यावर उरणाऱ्या काडीकचऱ्याकडे वळणे भाग आहे. मात्र हे काम सोपे नव्हे. पेंढ्यातील साखर सेल्युलोजच्या धाग्यांत जखडलेली असते व तिच्याभोवती लिग्निनचे चिवट वेष्टन असते. ते सैल करून महागड्या विकरांच्या साहाय्याने साखर मोकळी करावी लागते. आणि तिच्यातील झायलोजचा अंश नेहमीच्या यीस्टला आंबवता येत नाही. येथेच विद्यापीठांचे काम सुरू होते. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून जन्मलेल्या माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत प्रा. अरविंद लाली व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच विकर पुनःपुन्हा वापरता येईल अशी पद्धत विकसित केली. तिच्यावर आधारलेला, रोज दहा टन काडीकचरा हाताळणारा प्रात्यक्षिक प्रकल्प २०१६ मध्ये उत्तराखंडातील काशीपूर येथे उभा राहिला.

पुढची पायरी किती उंच आहे, हे पानिपतवरून कळते. पुण्याच्या प्राज कंपनीच्या तंत्रज्ञानावर इंडियन ऑइलने तेथे २०२२ मध्ये सुरू केलेल्या कारखान्याला नऊशे कोटी रुपयांहून अधिक खर्च आला. वर्षाला दोन लाख टन पेंढ्यापासून तीन कोटी लिटर इथेनॉल काढण्याची त्याची योजना आहे. वीस टक्क्यांसाठी देशाला लागते ते सुमारे एक हजार कोटी लिटर! हे काम उद्योगांवर सोपवून विद्यापीठांनी अध्यापनापुरते राहावे, असे म्हणणाऱ्यांनी हे अंतर पाहावे. केवळ इंधन विकून असा कारखाना तगणे कठीण आहे. खनिज तेलाचे शुद्धीकरण करणारे कारखानेही पेट्रोलबरोबर रसायने व प्लॅस्टिकचा कच्चा माल विकतात. लिग्निनपासून राळ, झायलोजपासून उपयुक्त रसायने बनविण्याचे मार्ग शोधणे हे वर्षानुवर्षांचे प्रयोगशाळेतील काम आहे. ते दोन-तीन वर्षांच्या अनुदानावर आणि दरवर्षी मागविल्या जाणाऱ्या अहवालांवर होत नसते.

शिवाय जे पंजाब-हरियाणात कचरा ठरते, ते महाराष्ट्रात कचरा असेलच असे नाही. तिकडे भाताचा पेंढा शेतातच जाळला जातो. इकडे ज्वारीचा कडबा हे गुरांचे अन्न आहे आणि दुष्काळात त्याला सोन्याचे मोल येते. विदर्भ-मराठवाड्यात उरतात त्या कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या. त्यांतील काही चुलीत जातात, बऱ्याचशा बांधावर पेटविल्या जातात. त्या किती मिळतील, कशा गोळा कराव्यात, शेतकऱ्याला कोणता भाव परवडेल आणि जमिनीच्या कसासाठी किती मागे ठेवाव्यात, याचा हिशेब अकोला व परभणीच्या कृषी विद्यापीठांनी मांडावयास हवा आणि माटुंग्याच्या रसायनशास्त्रज्ञांनी त्यावर आपली प्रक्रिया बेतावयास हवी. हा मेळ घालण्यासाठी राज्य सरकारने दहा वर्षांची हमी असलेला निधी दिला, तर तो वाया जाणार नाही. अन्यथा वीस टक्क्यांपुढचे प्रत्येक पाऊल धान्याच्या कोठारातून आणि धरणाच्या पाण्यातूनच टाकावे लागेल.