बारावीतील अर्थशास्त्राला पर्याय घरखर्चाचा?

कॅलिफोर्नियात हायस्कूलचा दाखला हवा असेल, तर एक सत्र अमेरिकी शासनव्यवस्था आणि एक सत्र अर्थशास्त्र शिकावेच लागते. बहुतेक शाळांत हे दोन्ही विषय बारावीत येतात. पुढे अभियांत्रिकीकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यालाही त्यातून सुटका नाही. आपल्याकडे विज्ञान शाखा घेतलेल्या मुलाचा नागरिकशास्त्राशी संबंध दहावीतच संपतो. हा फरक लहान नव्हे.

अमेरिकेत शिक्षण हा राज्यांचा विषय असल्याने देशभर एकच अभ्यासक्रम नाही. न्यूयॉर्कमध्ये बारावीच्या या विषयाचे नावच 'शासनातील सहभाग' असे आहे, तर टेक्सासच्या अर्थशास्त्राच्या नावात मुक्त उद्योगव्यवस्था आणि 'तिचे फायदे' यांवर भर असल्याचे सांगितले आहे. तोट्यांना शीर्षकात जागा मिळालेली नाही!

विषयांच्या या जोडीला वयाचाही संदर्भ आहे. १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय १८ वर आले. म्हणजे काँग्रेस, अध्यक्ष आणि सर्वोच्च न्यायालय यांच्या अधिकारांचा अभ्यास करणारा विद्यार्थी काही महिन्यांतच मतदार होतो. अर्थात, वर्गातील प्रत्येक जण नव्हे. आई-वडिलांच्या एच-१बी व्हिसावर अवलंबून राहून तेथे वाढलेली भारतीय मुले, त्यांत मराठी घरांतलीही आली, तीच राज्यघटना अभ्यासतात; पण त्यांना मत नाही आणि वयाच्या २१ व्या वर्षी त्यांचा अवलंबितांचा दर्जाही संपतो. तेथेच जन्मलेल्या त्यांच्या धाकट्या भावंडाला मात्र हे दोन्ही प्रश्न पडत नाहीत.

आता या जोडीतील एक विषय डळमळू लागला आहे. जून २०२४ मध्ये गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्यानुसार कॅलिफोर्नियातील हायस्कुलांना २०२७-२८ पासून वैयक्तिक अर्थनियोजनाचे स्वतंत्र सत्र उपलब्ध करून द्यावे लागेल. २०३०-३१ मध्ये उत्तीर्ण होणाऱ्या तुकडीपासून ते सक्तीचे होईल. हा विषय पूर्ण करणाऱ्याला अर्थशास्त्राच्या सत्रातून सूट घेता येईल, ही त्यातील कळीची तरतूद.

मागणी रास्त आहे, यात शंका नाही. अठराव्या वर्षी हाती क्रेडिट कार्ड येते आणि महाविद्यालयासाठी हजारो डॉलरच्या कर्जावर सही होते. चक्रवाढ व्याज न समजता केलेली ती सही पुढे अनेक वर्षे पगारातून वसूल होत राहते. हे शाळेने शिकवायचे नाही, तर कोणी?

मात्र घरखर्चाचे गणित म्हणजे अर्थशास्त्र नव्हे. २०२२-२३ मध्ये फेडरल रिझर्व्हने शून्याजवळ असलेला व्याजदर पाच टक्क्यांच्या वर नेला. अशा वेळी कर्ज घ्यावे की थांबावे, हे अर्थनियोजनाचा तास सांगेल. दर का वाढवला, त्याने महागाई कशी आटोक्यात येते आणि कोणाच्या नोकऱ्या धोक्यात येतात, हे प्रश्न अर्थशास्त्राचे. २०२५ मध्ये अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी आयातशुल्क वाढवले; भारताच्या अनेक वस्तूंवर ते ५० टक्क्यांवर गेले. त्याचा भार अखेर कोण उचलतो, हा अर्थशास्त्राचा धडा. आणि घटनेच्या पहिल्याच कलमाने शुल्क आकारण्याचा अधिकार काँग्रेसला दिला असताना अध्यक्षांनी तो कसा वापरला, हा शासनव्यवस्थेचा. दोन्ही धडे एकाच वर्षी शिकलेल्या विद्यार्थ्यालाच हा वाद पुरता उलगडतो. एक काढला, की उरतो तो दुकानातील वाढलेल्या किमतीचा हिशेब.

टेक्सासने २०२१ मध्ये असाच पर्याय खुला केला. पण तेथे वैयक्तिक अर्थसाक्षरता आणि अर्थशास्त्र एकाच विषयात गुंफले होते. कॅलिफोर्नियाने अर्थशास्त्रच सोडून देण्याची मुभा दिली आहे. अभ्यासाच्या ओझ्याने वाकलेला बारावीचा विद्यार्थी ती मुभा नाकारील, असे समजण्याचे कारण दिसत नाही.