साच्याची बाजू

आम्हा मराठीच्या मास्तर मंडळींच्या भात्यात काही ठरलेले बाण असतात. त्यांतला सर्वांत जालीम बाण म्हणजे 'साचेबंद'. कथा साचेबंद, कविता साचेबंद, नाटकाचा तिसरा अंक तर हमखास साचेबंद! एवढे म्हटले की पुढे काही सिद्ध करावे लागत नाही. बिचाऱ्या साच्याला मात्र या खटल्यात कोणी साक्षीला बोलावत नाही. आज या सदरापुरते मी त्याचे वकीलपत्र घेतो आहे. दिवाळीत करंजीच्या साच्यावाचून आणि चकलीच्या सोऱ्यावाचून कोणाचे चालते, ते वाचकांनीच सांगावे!

माझा अशील मात्र करंजीचा साचा नव्हे, होडीचा आहे. माझा भाचा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असून शिकायला आमच्याकडे, रत्नागिरीला, राहतो. गेल्या वर्षी त्याने आमच्या मागच्या पडवीत शिडाची नमुना-होडी करायला घेतली. तिला कोणी खेळणे म्हटले तर तो रागावतो, आणि ते बरोबरच आहे. रेडिओच्या संदेशावर चालणाऱ्या या होड्यांच्या शर्यती देशोदेशी होतात. त्यांतल्या 'आंतरराष्ट्रीय एक मीटर' या वर्गाचे नियम आमच्या विद्यापीठापेक्षा कडक! लांबी एक मीटरहून अधिक नको. सज्ज होडीचे वजन चार किलोहून कमी नको. होडीच्या अंगाला काचेचे तंतू चालतील, कार्बनचे चालणार नाहीत. वजनापैकी २२०० ते २५०० ग्रॅम तळाचे पाते आणि त्याच्या टोकाचा शिशाचा गोळा हेच घेऊन बसतात. उरलेल्यात शीड, डोलकाठी, यंत्रे आणि होडीचे अंग. म्हणून हे अंग हलके हवे; पण वाऱ्याच्या ओढीने पिळवटणार नाही इतके ताठही हवे.

हिशेब सोपा आहे. अंगाचे क्षेत्रफळ ०.४ चौरस मीटर धरा. चौरस मीटरला १६० ग्रॅम भरणाऱ्या काचकापडाचे दोन थर म्हणजे १२८ ग्रॅम. जवळजवळ तेवढीच राळ. झाले पाव किलोचे अंग!

पण काम होडीपासून सुरू होतच नाही. आधी आराखड्यावरून होडीचे आडवे छेद प्लायवुडात कापायचे, ते सरळ फळीवर ओळीने उभे करायचे, त्यांवर लाकडाच्या बारीक पट्ट्या चिकटवायच्या, भेगा लांबीने भरायच्या, आणि मग पॉलिशपेपर घेऊन घासत बसायचे. हा झाला मूळ नमुना. कारखान्यात त्याला पॅटर्न म्हणतात. त्यावर मेणाचे सात-आठ हात, मग पाण्यात विरघळणारा एक पातळ पापुद्रा, आणि वर राळ व काचकापड यांचे जाड थर. ते पक्के झाले की नमुन्यावरून साचा सोडवायचा. मेण कशाला, असे विचाराल तर आमच्या घरी करंजीच्या साच्याला तुपाचा हात लावतात तो ज्यासाठी, त्यासाठीच. होडीचा काठ आत वळलेला असेल तर साचाही करंजीच्या साच्यासारखा दोन पाखांचा करावा लागतो. नाहीतर होडी आतच अडकून बसते.

राळ म्हणजे झाडाची नव्हे, ही रसायनशाळेतली. तिच्यात घट्ट करणारे द्रव्य मिसळले की ती तापू लागते, आणि वाटीत ढीग करून ठेवली तर धूर निघेपर्यंत तापते. शिवाय आमच्या दमट हवेत इपॉक्सीच्या अंगावर मेणचट साय धरते. ती पाण्याने धुतल्याखेरीज पुढचा थर नीट चिकटत नाही. हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा, या तिन्ही गोष्टी हव्यातच.

हे सारे चालले असताना आमच्या आळीतले एक वृद्ध सुतारकाका पडवीत येऊन बसत. चाळीस वर्षे त्यांनी मच्छीमारांच्या लाकडी होड्या बांधल्या. १९४२ साली अमेरिकेत, टोलेडो येथे, रे ग्रीन यांनी काचतंतू आणि पॉलिएस्टर राळ यांची शिडाची होडी केली तेव्हा काका जन्मलेही नव्हते. पण ती लाट फिरत फिरत आमच्या किनाऱ्याला लागली. फायबरच्या होडीचे लाकूड कुजत नाही, कारण लाकूडच नसते! काकांच्या हातचे काम गेले.

फेब्रुवारीत नमुना तयार झाला. भाच्याने त्यावर चकचकीत रंग चढवला आणि मेणाचा डबा उघडला. परीक्षा तोंडावर आलेली. त्याच साच्यातून आपापली होडी काढायला त्याचे दोन मित्र टपलेले. काकांनी डोळे मिटून पुढच्या टोकापासून मागे तळवा फिरवला आणि एके ठिकाणी थांबले.

"बाळा, हितं बसलंय."

"कुठे? मला तर काही दिसत नाही, काका."

"डोळ्यांना फसवता येतं. तळव्याला नाय."

भाच्याने लवचीक पट्टी लावून पाहिली. कागदाच्या जाडीची, चार बोटे लांब घळ होती. एवढीशी, पण साच्याला दयामाया नसते. अंगठ्याचा ठसासुद्धा तो इमानाने उचलतो आणि त्यातून निघणाऱ्या प्रत्येक होडीला देतो. भाच्याने मुकाट्याने डबा बंद केला.

"या साच्यातून किती निघतील?" काकांनी विचारले.

"नीट वापरला तर तीस-चाळीस."

"आन् सुतार किती लागतील?"

भाचा माझ्याकडे पाहू लागला. माझ्याकडेही उत्तर नव्हते. काकाच मग म्हणाले, "असूं दे. मास्तर, ती लांब पट्टी द्या हिकडं." पॉलिशपेपर चिकटवलेली ती पट्टी घेऊन ते तीन आठवडे रोज दोन तास त्या नमुन्याशी भिडले. शेवटी चालू दराने रोजी मोजून घेतली. मी वर ठेवलेली नोट मात्र परत केली.

त्या साच्यातून तीन होड्या निघाल्या. एकीचे अंग भरले २५२ ग्रॅम, दुसरीचे २६८, तिसरीचे ३१०. तिसऱ्या मित्राने राळ ओतताना हात सैल सोडला होता. साच्याने तिघांना काकांचा बाक दिला, शिस्त नाही दिली. ती ज्याची त्यानेच आणायची.

आता माझ्या अशिलाविरुद्धचा एक पुरावा मात्र मला मान्य केला पाहिजे. दुसऱ्याच्या तयार होडीवरून परस्पर साचा काढता येतो. घासणे नाही, घळ शोधणे नाही. मेण लावा आणि उचला! अमेरिकेतल्या फ्लॉरिडा राज्याने १९८३ मध्ये कायदा करून याला बंदी घातली. १९८९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. अखेर १९९८ मध्ये संसदेने होड्यांच्या आकारांना संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा केला. होडीच्या बाकासाठी इतकी वर्षे भांडण चालते, याचा अर्थ त्या बाकात कोणाचा तरी घाम आहे हे सर्वांना कळते.

तेव्हा, न्यायाधीश महाराज, साच्याला निर्दोष सोडावे. उत्तम लिहिणाऱ्यालाही साचा असतो. फक्त त्याखालचे लाकूड त्याने स्वतः घासलेले असते. चौकशी करायचीच तर त्या लाकडाची करावी. यंदा उत्तरपत्रिका तपासताना 'साचेबंद' लिहायला लेखणी उचलली की मी आधी विचारणार आहे: साचा कोणाच्या होडीवरून काढला?