वाहनचोरीचा दर आणि दफ्तराचा हिशेब

निरनिराळ्या देशांतील मोटारचोरीचे आकडे शेजारी शेजारी मांडून त्यांवरून त्या त्या समाजाच्या नीतिमत्तेचे माप घेण्याचा मोह विद्वानांनाही आवरत नाही. परंतु या आकड्यांचा काही दशकांचा क्रम ध्यानी घेतला, म्हणजे चोरीचा दर लोकांच्या सदाचारापेक्षा वाहनाच्या कुलपाशी आणि सरकारी दफ्तराशी अधिक निगडित असतो, असेच मानावे लागते.

अमेरिकेत १९९१ साली १६ लाखांहून अधिक वाहने चोरीस गेली आणि २०१४ साली ती संख्या ७ लाखांच्या आत आली. इंग्लंड व वेल्समध्येही १९९०च्या दशकारंभी पाच लाखांवर असलेली वार्षिक नोंद पुढील दोन दशकांत लाखाच्या खाली उतरली. एवढ्या अवधीत तेथील माणसे साधुवृत्तीची झाली, असे कोणी म्हणणार नाही. सांकेतिक किल्लीवाचून इंजिन चालू होऊ न देणारे ‘इमोबिलायझर’ गाड्यांत आले, याचा त्या घसरणीत मोठा वाटा होता. कॅनडाने २००७ पासून नव्या मोटारींना ते सक्तीचे केले, अमेरिकेने केले नाही. म्हणूनच ह्युंदाई आणि किया यांच्या ज्या गाड्या २०२१ नंतर अमेरिकेत पोरासोरांनी किल्लीवाचून चालू करण्याच्या युक्तीने सर्रास पळवल्या, त्याच कंपन्यांच्या कॅनडातील गाड्या त्या युक्तीला बधल्या नाहीत.

आपल्याकडे सातारा-सांगली जिल्ह्यांत चोरीस जाते ती बहुधा दुचाकी; आणि पुणे-बंगळूर महामार्ग व मिरज, जत येथून हाकेवर असलेली कर्नाटकाची सरहद्द ध्यानी घेता, गाडी एकदा हद्दीपार गेली की चासी क्रमांक घासून तिची वासलात लावणे चोरट्यास अवघड नसते. अशा मुलखाचा दरलाख लोकसंख्येमागील दर अमेरिकेच्या शेजारी ठेवणे व्यर्थ आहे, कारण तेथे माणशी असलेली मोटार येथे नाही. शिवाय जेथे विम्याची भरपाई मिळवण्यास फिर्याद आवश्यक, तेथे नोंद जवळजवळ पूर्ण होते. ज्याच्या जुन्या गाडीला केवळ तृतीय पक्षाचा विमा आहे, त्याला चोरीची भरपाईच मिळायची नसल्याने तो ठाण्याचे खेटे घालण्यास नाखूश असतो, आणि मग ज्या मुलखात फिर्यादी कमी, तोच मुलूख सज्जनांचा ठरतो.

स्थानिक गुन्हे शाखेने अट्टल चोरटा जेरबंद करून इतक्या दुचाकी हस्तगत केल्याचे वृत्त आपण नित्य वाचतो, आणि त्या अंमलदारांचे श्रम स्तुत्यच आहेत. परंतु हस्तगत झालेल्या गाड्यांची संख्या चोरीचे प्रमाण सांगत नाही. दोन्ही जिल्ह्यांच्या पोलीस अधीक्षकांनी दरसाल नोंदणीकृत दर हजार दुचाकींमागे किती चोरीस गेल्या, किती सापडल्या आणि मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात न गंजता किती मूळ मालकास परत मिळाल्या, हे तीन आकडे प्रसिद्ध करावेत. परदेशाशी तुलना त्यानंतर अवश्य करावी. तोवर आपल्या अल्प दराचा अभिमान बाळगण्यास आधार नाही, आणि परक्यांच्या अधिक दराबद्दल नाक मुरडण्यासही नाही.